दिवेघाट मुलांना घेऊन पायी चढू नका: हडपसर ते जेजुरी पदयात्रेचा वृत्तांत

पुण्याहून सासवडला जाताना लागणाऱ्या दिवेघाटाविषयी आम्हाला ज्यांनी ज्यांनी माहिती दिली, त्या सर्वांनी तो वारीत चढलेला होता, आणि आमची फसगत नेमकी तिथेच झाली. माउलींची पालखी घाटात असते तेव्हा रस्ता इतर वाहनांसाठी बंद असतो, पाण्याचे टँकर व वैद्यकीय पथके सोबत असतात आणि दमलेल्या माणसाला दिंडीतले चार हात सावरून घेतात. नोव्हेंबरातल्या साध्या शनिवारी यातले काहीही नसते. उरतो तो साधारण चार किलोमीटरांचा सावलीविना चढ, वळणावळणावर अंगावर येणारे ट्रक, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला डोंगराची कापलेली भिंत. पायी चालणाऱ्यासाठी स्वतंत्र जागा आम्हाला कुठेही मिळाली नाही.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला पाच वर्षांपासून टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे तिचे शरीर स्वतः इन्सुलिन तयार करू शकत नाही. रोज चार वेळा इन्सुलिन आणि पाच-सहा वेळा बोटातून रक्ताची तपासणी चुकत नाही. तपासणीच्या एका पट्टीचे वीस रुपये धरले तरी केवळ तपासणीसाठी महिन्याला तीन हजारांहून अधिक लागतात. आम्हाला हा खर्च झेपतो. तिच्याबरोबर तपासणीला येणाऱ्या काही मुलांच्या घरी तो झेपत नाही, आणि पट्टी वाचवण्यासाठी ती मुले तपासणीच टाळतात. त्यांच्या पट्ट्यांसाठी निधी उभा करावा म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही घरातले पाच जण हडपसरहून जेजुरीला चालत गेलो. इन्सुलिनच्या शोधातले अग्रणी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन असतो आणि आपल्याकडे त्याच दिवशी बालदिनही असतो, म्हणून त्याला लागून आलेला शनिवार-रविवार निवडला.

सकाळी सहाला हडपसरच्या गाडीतळावरून निघालो आणि घाटाच्या पायथ्याच्या वडकीपर्यंतचे अंतर रहदारीखेरीज काही त्रास न होता संपले. सामान वाहण्यासाठी दोन दिवसांकरिता साडेतीन हजारांत एक छोटा टेम्पो ठरवला होता. घाटात थांबायला जागा नाही, असे सांगून चालक थेट माथ्यावर निघून गेला, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. मात्र पाणी, बिस्किटे आणि ग्लुकोजचा मुख्य डबा त्याच्याबरोबर गेला. माझ्या कमरेच्या पिशवीत ग्लुकोजच्या दोनच मात्रा होत्या. ती चूक सर्वस्वी माझी होती.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मुलगी गप्प झाली. दंडावरचा सेन्सर ८२ दाखवत होता, तरीही तिचा चेहरा पाहून मी बोटातून रक्त घेतले, तर आकडा ५८ आला. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे चालताना साखर वेगाने उतरत असेल तेव्हा तो रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. ती प्रत्यक्षात किती महागात पडू शकते, हे त्या दिवशी कळले. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्यायचे, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. पण थांबायचे कुठे? डोंगराच्या भिंतीलगतच्या कोरड्या गटारात तिला बसवून आम्ही चौघे तिच्यापुढे आडोसा करून उभे राहिलो. पंधरा मिनिटांनी ६४ आले, दुसरी मात्रा दिली आणि पिशवी रिकामी झाली.

पुढचा आकडा ८१ आला तेव्हा सासवडकडून सीताफळांचे क्रेट घेऊन दुचाकीवर उतरणारे एक गृहस्थ आम्हाला पाहून थांबले. त्यांनी काहीही न विचारता दोन पिकलेली फळे मुलीच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. पुढची मजल तिने त्या फळांवर काढली. माथ्यावर विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी पोहोचल्यावर मी अर्धा तास बोलू शकलो नाही, आणि तेवढ्यात चालकाने ‘घाटाचे वेगळे’ म्हणून पंधराशे रुपये जास्तीचे मागितले. वाद घालण्याची शक्ती नव्हती, मी ते दिले. गाडी ठरवताना घाट, मुक्काम आणि थांबण्याचा वेळ, हे सर्व धरून एकच रक्कम आधी लिहून घ्यावी.

माझे मत स्पष्ट आहे: वडकीपासून माथ्यापर्यंत मुलांना वाहनानेच न्यावे. आम्ही तसे केले नाही, कारण अनेक देणगीदारांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती आणि चार किलोमीटर गाळणे मला लबाडीचे वाटत होते. मुलीनेही त्याच भावनेने दमल्याचे उशिरा सांगितले. म्हणून देणगी अंतराशी बांधू नका, एकरकमी मागा.

पैसे स्वतःच्या खात्यात घेण्याचा विचार आम्ही वेळीच सोडला. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम पन्नास हजारांपुढे गेली, तर ती करपात्र ठरू शकते, आणि देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी पावती (तेव्हाच्या कायद्यातील ८०जी ची) व्यक्तीला देता येत नाही. ही सवलत असलेल्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात देणगीदारांना थेट पैसे भरू द्यावेत. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, हेही त्यांना आधी सांगावे.

सासवडच्या मुक्कामी फ्रिज वापरण्याचे दोनशे रुपये घेतले आणि इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवले. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते, त्यामुळे ओल्या कापडाची पिशवी किंवा मातीचे भांडे सोबत असलेले बरे. दिवसभराच्या चालीनंतर स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. आम्ही दोनचा गजर लावला होता, तेव्हा आकडा ७४ होता आणि तिला उठवून दूध-बिस्किटे द्यावी लागली. चालण्याच्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे, आणि निघण्यापूर्वीची सुई मांडीत घेऊ नये, कारण चालत्या पायातून इन्सुलिन लवकर शोषले जाते.

सासवड ते जेजुरी हे सतरा किलोमीटर सुखाचे गेले. गडाच्या पायथ्याशी तिची साखर १३२ होती, आणि भंडारा कपाळी लावून ती आमच्या सगळ्यांच्या पुढे पायऱ्या चढून गेली. पायऱ्या हाही चढच आहे, म्हणून वर पोहोचताच पुन्हा तपासा. आमच्या वेळी आकडा ९१ वर आला होता.