स्टेपनीवर

पहाटे सव्वातीनला अवयव प्रत्यारोपणाच्या कोऑर्डिनेटरचा फोन. "बी पॉझिटिव्ह हार्ट आहे, विदर्भातून. वजनही जुळतंय. दादांना आत घेतोय, निघ."

मी परफ्युजनिस्ट. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळणं हे माझं काम. दादा म्हणजे साताऱ्याकडचे ट्रकमालक, वय 44. हृदय फुग्यासारखं सैल पडलेलं. सात महिन्यांपूर्वी एलव्हॅड, म्हणजे हृदयाचं काम उचलणारा पंप बसवला, दोन ट्रक आणि हायवेलगतची जमीन विकून, वर ट्रस्टांचे उंबरे झिजवून. तेव्हापासून नवरा-बायको रुग्णालयाजवळच भाड्याच्या खोलीत राहत होते. पंपाला ते स्टेपनी म्हणायचे. "स्टेपनीवर गाडी पुण्यापर्यंत जाते ताई, बंगळूरला नाही."

मी पोचले तेव्हा त्यांना ओटीत घेतलेलं होतं. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीचा प्रोब मनगटावर फिरवत लाइन घालायला धमनी शोधत होत्या, कारण दादांची नाडी हाताला लागतच नाही. पंप हृदयाच्या टोकाला शिवलेला असतो. डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून थेट महाधमनीत सोडतो. आतली चकती चुंबकाच्या जोरावर तरंगत मिनिटाला 5400 फेरे घेते. त्यामुळे रक्त ठोक्याठोक्याने उसळत नाही, नळाच्या धारेसारखं वाहत राहतं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर लब-डब सोडून गुणगुण ऐकू येते. पोटातून बाहेर आलेली वायर कंट्रोलरला, कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. स्क्रीनवर फ्लो मिनिटाला 4.3 लिटर. ठीक.

अशा रुग्णाच्या बाबतीत वेळेचं गणित फार अवघड. छाती आधी एकदा उघडलेली, आत सगळं चिकटलेलं. हृदयापर्यंत पोचायलाच दोन तास जाऊ शकतात. आणि तिकडून काढलेलं हृदय साधारण चार तासांत इकडे धडधडायला हवं. म्हणून रुग्ण आधीच टेबलावर हवा. पण चिरायचं नाही, भूलही द्यायची नाही, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम उलटवणारं इंजेक्शनही ट्रेमध्येच ठेवायचं. ते दिलं आणि ऑपरेशन झालंच नाही, तर पंपात गुठळी व्हायची भीती. तिकडच्या सर्जनने हृदय डोळ्यांनी बघून "घेतो" म्हणेपर्यंत सगळे थांबून.

मी माझ्या मशीनचं सर्किट, म्हणजे नळ्यांची जोडणी, भरायला घेतलं. सुमारे दीड लिटर द्रव, त्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन. मग बुडबुडे काढायचे. क्लॅम्पच्या मुठीने ऑक्सिजनेटरला (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) टकटक करत, नळीच्या प्रत्येक जोडाशी टॉर्च धरून. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा चालत नाही. दादा मान वळवून बघत होते. "एअर काढताय ना? डिझेल लाइनची काढतात तशी?" म्हटलं, अगदी तशीच.

सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या सर्जन सरांचा फोन वाजला. दात्याचं वय पंचेचाळीसच्या पुढचं, अपघाताची केस. सहा तासांच्या अंतराने ब्रेन डेथच्या दोन्ही चाचण्या झालेल्या, घरच्यांची संमती मिळालेली, इको चांगला. फक्त अँजिओग्राफी होऊ शकली नव्हती. आता छाती उघडल्यावर पुढची मोठी कॉरोनरी, हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी, बोटाला कडक लागत होती. सर ऐकत राहिले. "किती लांबीपर्यंत?" एवढंच विचारलं. मग, "नाही. नको."

खरं सांगते, मला राग आला. सात महिने थांबलाय माणूस, थोडी कडक नळी असली तर काय बिघडतं? पण शेजारच्या आयसीयूत कुणी बलून पंपावर, तीन-तीन औषधांच्या ड्रिपवर तग धरून असता, तर कदाचित तेच हृदय सरांनी घेतलंही असतं. दादांचा फ्लो 4.3 होता. "नको" म्हणायची चैन त्या पंपाने दिली होती.

सर त्यांच्या उशाशी जाऊन उभे राहिले. "दादा, त्या हृदयाची रक्तवाहिनी खराब आहे. मी ते तुम्हाला बसवणार नाही."

दादा वर दिव्यांकडे बघत होते. "रिमोल्ड टायर निघाला म्हणायचा." थोड्या वेळाने, "मग नकोच." ब्लँकेटखाली पायांचे अंगठे मात्र कितीतरी वेळ हलत होते. भूलतज्ज्ञांनी मनगटाची लाइन काढली आणि रक्त थांबल्यावरही बराच वेळ तिथे दाबून धरून बसल्या. इतकं दाबायची गरज नव्हती, असं मला वाटतं.

भरलेलं सर्किट मी सोडून दिलं. दीड लिटर बादलीत, नळ्या लाल पिशवीत. त्याचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावरून दुपारी अकाउंट्सशी वाजलं; कुठल्याही परिस्थितीत दादांच्या नाही, एवढं मी लिहून घेतलं.

वॉर्डात गेले तेव्हा ते बॅटऱ्या बदलत होते. दोन्ही एकदम काढायच्या नाहीत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. एक काढली, कंट्रोलर चिरकला. नवी सरकवली, खट्. मग दुसरी.

"वहिनी कुठायत?"

"कँटीनला धाडलंय. रात्रीपासून तिच्या पोटात काही नाही." त्यांनी बॅग खांद्याला अडकवली. "ताई, त्या माणसाच्या किडन्या तरी लागल्या का कुणाला?"

"दोन्ही लागल्या," मी म्हटलं. "लिव्हरपण."

"हां," म्हणाले, आणि चार्जरचा हिरवा दिवा लागलाय का ते बघायला वाकले.