धावण्याच्या रीलमागचा हिशेब

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, त्यामुळे आपल्याकडच्या धावणाऱ्यांची मोठी खरेदी गणपतीनंतर सुरू होते आणि नाताळापर्यंत चालते. त्याच महिन्यांत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर बुटांचे व्हिडिओ एकामागून एक येतात. पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनला, म्हणजे 21.1 किलोमीटरच्या शर्यतीला, नाव घातलेला माणूस ते पाहतो आणि वीस हजारांच्या पुढचे कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्याच्या फोममध्ये कार्बन फायबरची ताठ पट्टी असलेले, बूट मागवतो. नोकरदार माणसासाठी ही रक्कम छोटी नाही. व्हिडिओ करणारे सगळे फसवे असतात असं अजिबात नाही. बरेच जण कष्टाळू आहेत आणि स्वतः छान धावतात. पण त्यांचं उत्पन्न कुठून येतं हे ठाऊक असेल तर त्यांचं बोलणं कसं ऐकायचं ते कळतं.

मुळात धावण्यात विकण्यासारखं फार थोडं आहे. मैदान, रस्ता, टेकडी फुकट असते. पुन्हा पुन्हा झिजणारी आणि पुन्हा विकत घ्यावी लागणारी वस्तू एकच, बूट. म्हणून या धंद्यातला मोठा पैसा बुटांभोवती फिरतो. 2017 पासून नायकेने दुकानदारांना वगळून थेट ग्राहकाला विकण्यावर जोर दिला. फळीवर रिकामी झालेली जागा होका, ऑन, ब्रूक्स यांनी घेतली. होका ही 2009 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली कंपनी. 2013 मध्ये ती अमेरिकेच्या डेकर्सने घेतली आणि मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात तिची विक्री 2.23 अब्ज डॉलरवर गेली. झुरिकच्या ऑनने 2024 मध्ये 2.3 अब्ज स्विस फ्रँकचा धंदा केला. इतकी चढाओढ असली की प्रत्येक कंपनी दरवर्षी त्याच बुटाची नवी आवृत्ती आणते. ती जुनीपेक्षा फारशी वेगळी नसली तरी तिच्याबद्दल काही आठवडे सतत कुणीतरी बोलत राहावं लागतं. इन्फ्लुएन्सरला पैसे मिळतात ते या बोलण्याचे.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला आकडा पाहू. 2017 मध्ये नायकेने व्हेपरफ्लाय 4% हा कार्बन प्लेटचा बूट बाजारात आणला. नावातले चार टक्के कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून आले. त्या अभ्यासाला पैसा नायकेनेच पुरवला होता. त्यात 18 पुरुष धावपटू होते, सगळे दहा किलोमीटर 31 मिनिटांच्या आत धावणारे. त्यांची चाचणी ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटर वेगाने झाली. पेसच्या, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या, भाषेत सांगायचं तर किलोमीटरला 4:17 मिनिटांपासून 3:20 पर्यंत. त्या वेगाला शरीराची ऊर्जा सरासरी चार टक्के कमी खर्च झाली, आणि हा निष्कर्ष पुढे इतरांनीही साधारण पडताळून पाहिला. आकडा खरा आहे, पण तो त्या वेगाचा आहे.

हाफ मॅरेथॉन अडीच तासांत करणारा माणूस ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास धावतो. त्याच्या जवळपासच्या वेगाचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेपरफ्लायच्या पुढच्या आवृत्तीत ताशी 12 किलोमीटरला सरासरी फायदा 1.4 टक्के निघाला आणि ताशी 10 किलोमीटरला 0.9 टक्के. शिवाय माणसामाणसात फरक मोठा होता. काहींना फायदा तर नाहीच, उलट जास्त ऊर्जा लागली. ताशी 10 किलोमीटर म्हणजे हाफ मॅरेथॉन दोन तास सहा मिनिटांत. त्यातले 0.9 टक्के म्हणजे जेमतेम मिनिटभर. पाणी प्यायला थांबण्यात याहून जास्त वेळ जातो.

या बुटांची दुसरी बाजू झिजेची. त्यांच्या तळव्यातला पेबा नावाचा फोम हलका आणि उसळता असतो, पण लवकर बसतो. अनेकांच्या पायात तीनशे ते चारशे किलोमीटरनंतर ती उसळी राहत नाही. साध्या ईव्हीए फोमचा रोजचा बूट सहाशे-सातशे किलोमीटर सहज काढतो. वीस हजारांचा बूट चारशे किलोमीटर चालला तर किलोमीटरला पन्नास रुपये पडले. आठ हजारांचा सातशे किलोमीटर चालला तर साडेअकरा रुपयांच्या आत. आठवड्याला तीस किलोमीटर धावणाऱ्याचा महागडा बूट रोज वापरला तर साधारण तेरा आठवड्यांत संपतो. शिवाय हळू पेसला पाय जमिनीवर जास्त वेळ टेकलेला असतो. उंच, मऊ फोमवर घोटा आत-बाहेर डुलतो आणि ताठ प्लेटमुळे भार पायाच्या मधल्या हाडांकडे सरकू शकतो. प्लेटचे बूट वापरणाऱ्यांत पायाच्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणामुळे इजा झाल्याची पाच उदाहरणं 2023 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. पाचवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण पायाच्या मधोमध वरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जावं.

व्हिडिओ करणाऱ्याला पैसे कसे मिळतात? सगळ्यात खालची पायरी म्हणजे बार्टर. कंपनी बूट पाठवते, बदल्यात एक रील आणि दोन-तीन स्टोरी. त्यावर पेड कोलॅब, म्हणजे ठरलेल्या रकमेला ठरलेले व्हिडिओ. करारात युसेज राइट्स असले तर कंपनी तोच व्हिडिओ काही महिने स्वतःची जाहिरात म्हणून चालवू शकते आणि त्याचे वेगळे पैसे देते. एक्सक्लुझिव्हिटी असली तर त्या काळात दुसऱ्या कंपनीच्या बुटाचं नाव घ्यायचं नाही. म्हणून एखादा माणूस सहा महिने एकाच कंपनीचे बूट ‘आवडीने’ घालताना दिसला, तर हे कलम आठवावं. एम्बार्गो असतो तेव्हा बूट बाजारात येण्याच्या दिवसापर्यंत रिव्ह्यू टाकायची मनाई असते, आणि मग एकाच सकाळी वीस जणांचे रिव्ह्यू येतात. बूट त्यांच्या हाती दोन-चार आठवडे आधी आलेला असतो. तेवढ्यात पन्नास-साठ किलोमीटर होतात. फोम बसणं, सोलचं रबर टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजणं, वरचं कापड करंगळीपाशी फाटणं, हे सगळं त्यानंतर घडतं.

व्हिडिओखाली दिलेल्या खरेदीच्या लिंकमधून मिळणाऱ्या कमिशनचा हिशेब मांडून बघा. समजा बूट 12,999 रुपयांचा आहे. 2,500 रुपयांवरच्या बुटाला जीएसटी 18 टक्के, म्हणजे कराआधीची किंमत साधारण 11,016. कमिशन सहा टक्के धरलं तर जोडीमागे 661 रुपये. महिन्याला चाळीस जोड्या विकल्या गेल्या तर साडेसव्वीस हजार, आणि त्यातून परत आलेल्या जोड्यांचं कमिशन वजा. चाळीस जोड्या विकायला हजारो लोकांनी लिंक उघडावी लागते. आता त्याच माणसाने 1,999 रुपयांचा ‘बारा आठवड्यांत हाफ मॅरेथॉन’ असा पीडीएफ प्लॅन शंभर जणांना विकला तर जवळपास दोन लाख जमा होतात आणि फाइल एकदाच बनवावी लागते. म्हणूनच बुटांवर बोलणारे बरेच जण वर्ष-दीड वर्षात कोच होतात.

प्लॅन विकण्यात गैर काही नाही. पण तो विकणाऱ्याने तुम्हाला काय विचारलं ते बघा. गेल्या दोन महिन्यांत आठवड्याला सरासरी किती किलोमीटर धावलात, शेवटच्या शर्यतीची वेळ काय होती, आधीची दुखापत कोणती, झोप किती मिळते, कामाची पाळी कशी आहे, हे न विचारता मिळणारा प्लॅन सगळ्यांना एकच असतो. तो कुठे मोडतो तेही ठरलेलं आहे. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला चौथ्या आठवड्यात चौदा किलोमीटरचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, लावलेला असतो. एकाच दिवशी आठवड्याचा निम्म्याहून जास्त भार पडतो आणि नडगी किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. लाँग रन आठवड्याच्या एकूण धावण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ठेवावा, चार दिवस धावत असाल तर फार तर चाळीस टक्के. बाकीचं बरंचसं धावणं बोलत बोलत जमेल इतक्या पेसला. हा सल्ला जुना आहे आणि त्यातून कुणाला कमिशन मिळत नाही, त्यामुळे तो रीलमध्ये फार दिसत नाही.

कायदा काय म्हणतो हे सगळ्यांना माहीत असायला हवं. जाहिरातदारांची स्वनियमन संस्था एएससीआय हिने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्वतःची मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, प्रवासखर्च, नातं, यांपैकी काहीही असेल तर ते सांगणं बंधनकारक आहे. ते हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचं नाही, व्हिडिओतच दिसलं पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असलं पाहिजे. म्हणजे मराठी रीलवर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं मराठीत यायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची बंदीही येऊ शकते. तक्रार 1915 या हेल्पलाइनवर करता येते. मराठीत व्हिडिओ करणाऱ्या नव्या मुलामुलींनी कराची बाजूही बघावी: 1 जुलै 2022 पासून एका कंपनीने वर्षात वीस हजारांवरच्या वस्तू दिल्या आणि त्या तुम्ही ठेवून घेतल्या, तर त्यावर दहा टक्के टीडीएस लागतो. वस्तू वापरून परत केली तर लागत नाही. घड्याळ आणि बूट मिळून ही मर्यादा पटकन ओलांडली जाते.

शर्यतींचे कूपन कोड हा धंद्याचा छोटा भाग. आयोजक इन्फ्लुएन्सरला फुकट बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक, देतात, त्याच्या कोडवर दहा टक्के सूट असते आणि त्यातून किती नोंदण्या आल्या ते मोजलं जातं. अशा शर्यतीत नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा, मार्ग प्रमाणित आहे का? प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर हे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र लावून मोजतात आणि कमी भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. न मोजलेल्या मार्गावर ‘हाफ’ वीस किलोमीटर सहाशे मीटरची निघू शकते. तिथली वेळ दुसऱ्या शर्यतीच्या नोंदणीसाठी चालत नाही आणि पुढच्या सरावाचे पेसही चुकीचे ठरतात.

रिव्ह्यू बघताना बोलणाऱ्याचं वजन, त्याचा पेस, बुटावर झालेले किलोमीटर आणि बूट कुणी दिला, एवढं टिपून घ्या. चारपैकी दोन गोष्टी सांगितल्या नसतील तर तो व्हिडिओ रंग बघण्यापुरता ठीक. पंचावन्न किलोच्या, चारच्या पेसने धावणाऱ्या माणसाला मऊ वाटलेला फोम ऐंशी किलोच्या, साडेसातच्या पेसच्या माणसाखाली पार दबतो. तीनशे किलोमीटरनंतरचा रिव्ह्यू शोधा. तो सहसा लहान चॅनलवर सापडतो आणि त्याला व्ह्यूज कमी असतात. टाचेचा ड्रॉप, म्हणजे टाचेखालच्या आणि पुढच्या भागाच्या उंचीतला फरक, तोही जुन्या बुटाशी ताडून बघा. दहा मिलिमीटरवरून एकदम चारवर आलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर धरते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे नवा बूट आठवड्यातून एकदाच, पाच किलोमीटरच्या आत.

नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीवर बऱ्यापैकी सूट मिळते, आणि बहुतेकांसाठी तोच शहाणा सौदा असतो. फक्त माल किती जुना आहे ते तपासा. खोक्यावरच्या स्टिकरवर एमआरपीजवळ उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. बऱ्याच कंपन्यांच्या बुटाच्या जिभेच्या आत साइजच्या लेबलवर बारीक आकड्यांत तारीखही असते. दोन वर्षांहून जुना आणि गरम गोदामात पडलेला बूट असेल तर फोम कडक झालेला असू शकतो आणि सोलचा गोंद सुकलेला. पुढच्या बाजूला सोल आणि कापड जुळतं तिथे अंगठ्याने दाबून फट उघडते का ते बघा, आणि उघडली तर तिथल्या तिथे जोडी बदलून मागा.