शास्त्रीजींना आपण कशासाठी मान द्यावा?

दरवर्षी 2 ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्री यांच्याविषयी जे बोलले जाते, त्यातले बहुतेक सगळे त्यांच्या साधेपणाबद्दल असते. पंतप्रधान असताना फियाट गाडीसाठी त्यांनी बँकेतून कर्ज काढले, गेले तेव्हा स्वतःचे घर नव्हते, रेल्वे अपघातानंतर मंत्रिपद सोडले, या आठवणी शाळेपासून आपल्या कानावर आहेत. त्या खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण निष्कलंक माणसे सार्वजनिक जीवनात त्या काळी आणखीही होती, आणि त्यांतल्या अनेकांच्या हातून देशाचे फारसे काही घडले नाही. शास्त्रीजींना आपण केवळ सज्जन म्हणून नमस्कार करतो तेव्हा त्यांच्या कर्तृत्वावर अन्याय करतो, असे मला मनापासून वाटते. 9 जून 1964 ते 11 जानेवारी 1966 या जेमतेम एकोणीस महिन्यांत त्यांनी घेतलेले निर्णय, आणि ते ज्या पद्धतीने घेतले ती पद्धत, हे त्यांच्या सन्मानाचे खरे कारण असायला हवे.

त्या काळच्या अन्नस्थितीपासून सुरुवात करावी लागेल. देशातले धान्य पुरत नव्हते आणि पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत योजनेखाली तिथून गव्हाची जहाजे येत होती. रेशनच्या रांगेत उभे राहून मिळालेला तो गहू खाल्लेली पिढी आपल्या घराघरांत आजही आहे. नेहरूंच्या काळात औद्योगिकीकरणाला अग्रक्रम होता, आणि शहरातल्या ग्राहकाला धान्य स्वस्त मिळावे म्हणून शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव कमी राहत होता. शेतीखाते घेण्यास कोणी मोठा नेता उत्सुक नसे. अशा वेळी शास्त्रीजींनी ते खाते चिदंबरम सुब्रमण्यम यांच्याकडे सोपवले. सुब्रमण्यम तोवर पोलाद खाते सांभाळत होते आणि त्यांची गणना मंत्रिमंडळातल्या कर्तबगार माणसांत होत होती. जे खाते सगळे टाळतात तिथे आपला उत्तम माणूस बसवायचा, ही निवडच मला त्या एकोणीस महिन्यांतली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते.

सुब्रमण्यम यांचे म्हणणे सरळ होते. शेतकऱ्याला परवडेल असा भाव आधी जाहीर करा, मग तो नवे बियाणे आणि खत यांवर पैसा घालेल. याला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा विरोध होता. भाव वाढवले तर महागाई वाढेल, आणि बियाणे व खते बाहेरून आणायला परकीय चलन लागेल, हा त्यांचा आक्षेप होता. नियोजन आयोगालाही हा मार्ग पसंत नव्हता. आक्षेप पोकळ नव्हते, कारण परकीय चलनाची चणचण खरोखरच होती. तरीही शास्त्रीजी आपल्या शेतीमंत्र्यामागे उभे राहिले. जानेवारी 1965 मध्ये शेतमालाच्या किमतींबाबत शिफारस करणारा आयोग अस्तित्वात आला आणि त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळाचे काम सुरू झाले. आज हंगामाआधी जाहीर होणाऱ्या हमीभावाबद्दल आपण तावातावाने वाद घालतो, त्या सगळ्या व्यवस्थेचा पाया त्या काही महिन्यांत घातला गेला. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या दिल्लीत पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी घेत होते. हे बियाणे मोठ्या प्रमाणावर आणावे की नाही यावर शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि संसद यांच्यात तीव्र मतभेद होते. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवरच नवा गहू पेरून दाखवला.

मेक्सिकोहून 18,000 टन बियाणे 1966 मध्ये आले तेव्हा शास्त्रीजी हयात नव्हते. 1964-65 मध्ये सुमारे 1 कोटी 23 लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन 1967-68 मध्ये 1 कोटी 65 लाख टनांवर आणि 1970-71 मध्ये 2 कोटी 38 लाख टनांवर गेले. हे श्रेय एकट्या शास्त्रीजींचे नाही. शास्त्रज्ञांचे, पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांचे, आणि पुढे तेच धोरण चालवणाऱ्या इंदिरा गांधींचेही ते आहे. मात्र मंत्रिमंडळात जेव्हा पारडे दोन्हीकडे झुकू शकत होते, तेव्हा कौल देणारा माणूस पंतप्रधान होता. भाववाढीचा रोष लगेच येणार होता आणि पीक कित्येक वर्षांनी दिसणार होते. राष्ट्रीय नेतृत्वाची परीक्षा मला नेमकी या अंतरात दिसते.

त्यांच्या कामाची रीत ज्या एका प्रसंगातून स्वच्छ दिसते, तो ऑक्टोबर 1964 मधला आहे. गुजरातेत आणंदजवळ कंजरी येथे पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाला त्यांना जायचे होते. आदल्या रात्री एखाद्या खेड्यात, साध्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करायचा त्यांनी आग्रह धरला. सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांची धास्ती उघडच होती. अजरपुरा या गावातल्या एका शेतकऱ्याला फक्त एवढेच सांगण्यात आले होते, की दोन परदेशी पाहुणे रात्री राहायला येणार आहेत. दारात उतरले ते देशाचे पंतप्रधान. शास्त्रीजी त्या घरात जेवले, मग गावातून हिंडले, बायकांशी बोलले, दलित वस्तीत आणि मुसलमानांच्या घरी जाऊन बसले, आणि रात्री उशिरापर्यंत विचारत राहिले: म्हशी किती, दूध कुठे घालता, पैसे कधी मिळतात, सोसायटीत सगळ्यांना सारखे वागवतात का.

सकाळी त्यांनी आणंदची सहकारी डेअरी (अमूल) चालवणारे वर्गीस कुरियन यांना आपले कोडे सांगितले. इथली माती काही विशेष सुपीक नाही, पाऊस जेमतेम, म्हशीही उत्तरेतल्यापेक्षा सरस नाहीत, मग सरकारने ठिकठिकाणी काढलेल्या डेअऱ्या तोट्यात का आणि आणंद भरभराटीत का? उत्तर असे होते, की इथली डेअरी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे आणि ती चालवणारा जाणकार व्यवस्थापक त्यांनी नेमलेला नोकर आहे. शास्त्रीजींनी ते ऐकून घेतले आणि हीच पद्धत देशभर न्यायला कुरियन यांना सांगितले. 1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, आणि कुरियन यांच्या आग्रहावरून त्याचे मुख्यालय दिल्लीऐवजी आणंदला ठेवण्यात आले. आपल्याकडचे कोल्हापूरच्या ‘गोकुळ’सारखे दूध संघ पुढे दूध महापूर योजनेत वाढले, तिचा उगम इथे आहे. गावात मुक्काम करणारे नेते आपण पुष्कळ पाहतो. रात्रभर गोळा केलेल्या माहितीतून एक नेमका प्रश्न तयार करणारा आणि उत्तर मिळाल्यावर त्याची संस्था उभी करणारा नेता विरळा.

त्यांच्याकडून चुकले तेही नोंदवले पाहिजे. 26 जानेवारी 1965 पासून हिंदी ही संघराज्याची राजभाषा होणार, या वेळी मद्रास राज्यात किती खोल अस्वस्थता आहे याचा अंदाज त्यांना वेळेत आला नाही. आंदोलन भडकले, तरुणांनी आत्मदहन केले, गोळीबारांत अनेक माणसे मेली. सुब्रमण्यम आणि अळगेसन या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. तेव्हा 11 फेब्रुवारीला शास्त्रीजी आकाशवाणीवर बोलले आणि नेहरूंनी दिलेले आश्वासन पाळले जाईल, बिगरहिंदी राज्ये इच्छितील तोवर इंग्रजी राहील, असे त्यांनी सांगितले. स्वतःचा कल हिंदीकडे असूनही त्यांनी तो बाजूला ठेवला. हा निर्णय दोन आठवडे आधी झाला असता तर काही जीव वाचले असते, हे मात्र खरे.

युद्धाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. 1 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्याच संध्याकाळी हवाई दल वापरण्यास काही मिनिटांत संमती दिली, आणि 6 तारखेला भारतीय सेनेने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले. चीनच्या युद्धानंतर खचलेल्या सैन्याला हा आदेश ज्या पंतप्रधानांनी दिला, त्यांना परदेशी वार्ताहर आणि आपलेही अनेकजण तोवर दुबळे समजत होते. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा याच काळातली. सोमवारी एक वेळचे जेवण सोडा, असे आवाहन त्यांनी केले, ते आमच्या आजीने अनेक वर्षे पाळले. तिचा सोमवारचा उपास आधीपासूनच होता, तरी तो शास्त्रीजींचा आहे असे ती आवर्जून सांगे.

सोव्हिएत संघातल्या ताश्कंदमध्ये 10 जानेवारी 1966 रोजी त्यांनी पाकिस्तानबरोबरच्या ज्या करारावर सही केली, त्यात सैनिकांनी जिंकलेली काश्मीरमधली हाजी पीर खिंड परत द्यावी लागली. ही अट मान्य करायला नको होती, असे मानणाऱ्यांत मीही आहे. ज्या जवानांचा जयजयकार त्यांनी शिकवला, त्यांच्याच कमाईवर पाणी सोडायचे आहे आणि मायदेशी याबद्दल कडाडून टीका होणार आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही ती सही कोणा अधिकाऱ्यावर किंवा सहकाऱ्यावर न ढकलता, तिची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली, जशी रेल्वेमंत्री असताना 1956 मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघाताची घेतली होती.