फिग्मा आणि कोड शेजारी शेजारी

एका वाचनालयाची वेबसाइट करून द्यायची होती. पुस्तकांची यादी, कार्यक्रम, वर्गणीची माहिती, एवढंच. एरवी मी फिग्मात, म्हणजे पानांची चित्रं रंगवायच्या डिझाइन ॲपमध्ये, सगळी पानं मंजूर करून घेतो आणि मग कोड लिहायला व्हीएस कोड उघडतो. या वेळी दोन्ही पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी चालू ठेवलं.

फिग्मातला ऑटो लेआउट (चौकटी आपोआप रांगेत मांडणारी सोय) म्हणजे बराचसा सीएसएसचा, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, फ्लेक्सबॉक्सच. आडवं की उभं, मधला गॅप, पॅडिंग, सगळं जसंच्या तसं उतरतं. नुसत्या ओढून ठेवलेल्या चौकटींचा कोड मागितला तर मात्र पदरात पडतं पोझिशन ॲब्सोल्यूट, म्हणजे प्रत्येक चौकट ठरावीक जागी खिळलेली. ते थेट चिकटवलं की मोबाइलवर सगळा पसारा. रंगांची नावं दोन्हीकडे एकच ठेवली. फिग्मात २०२३ पासून व्हेरिएबल्स, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या किमती, आहेतच. वाचनालयाच्या मंडळींना लाल भडक वाटला, तेव्हा सीएसएसमधली एक ओळ बदलून काम झालं.

खरी गंमत देवनागरीत आली. फिग्मात 'पुस्तकाचे नाव' असा नमुना मजकूर छान बसत होता. ब्राउझरमध्ये खरी यादी ओतली आणि लांबलचक शीर्षकं ३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर तीन-तीन ओळींत गेली. कार्डात जादा मजकूर लपवायची सोय होती आणि ओळीची उंची इंग्रजीच्या सवयीने १.२, त्यामुळे वरचे रफार आणि खालचे उकार कापले जायला लागले. १.६ केल्यावर अक्षरांनी श्वास घेतला. शीर्षकाला अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर दिलं होतं, ते शून्यावर आणलं, नाहीतर शिरोरेषा तुटते. एचटीएमएलच्या (पानाच्या मूळ कोडच्या) लँग ॲट्रिब्यूटमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, दिली की ल आणि श मराठी वळणाचे येतात; अर्थात फॉन्टमध्ये तशी सोय हवी. हे आकडे लगेच फिग्मात परत भरले, म्हणजे पुढची पानं खोट्या उंचीवर रंगवली जात नाहीत.

मुख्य पान आणि पुस्तकाचं कार्ड पक्कं झाल्यावर बाकीची पानं मी रंगवलीच नाहीत, थेट कोडमध्ये जुळवली. समितीला दाखवायला मात्र फिग्माच बरं पडतं. चित्रावर बोट ठेवून बोलता येतं, आणि अध्यक्षांना लोकलहोस्ट (माझ्याच संगणकावर चालणारी साइट) म्हणजे काय ते समजावत बसावं लागत नाही.