हवा भरून देणारे दुकान : बोनेअर बेटावरील आमची वाटचाल

बोनेअर हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते जहाजाच्या इंजिनरूममध्ये. मी तेव्हा एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, थर्ड इंजिनिअर होतो, आणि पुढचे बंदर कोणते असे विचारल्यावर कळले, की व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या एका लहानशा बेटावर मीठ भरायला जायचे आहे. माझे गाव शिरोडा. १९३० साली ज्या मिठागरांत सत्याग्रह झाला, त्यांच्या बांधांवरून हिंडण्यात बालपण गेलेल्या माणसाला अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून पुन्हा मिठाच्याच ढिगासमोर उभे राहावे लागणार, याचे मला हसू आले. प्रत्यक्षात ते ढीग आमच्याकडच्या ढिगांच्या कितीतरी पट मोठे होते, आगरातले पाणी गुलाबी होते आणि त्या पाण्यात फ्लेमिंगो चरत होते.

जहाज भरेपर्यंत मिळालेल्या सुट्टीत मी क्रालेंडाइक या राजधानीच्या गावी गेलो, एका दुकानातून मास्क आणि स्नॉर्केल (तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायची नळी) भाड्याने घेतले आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन तोंड बुडवले. पोहायला मी समुद्रातच शिकलो. पण आमच्या किनाऱ्यावर पाण्यात डोळे उघडले तर स्वतःचा हात दिसणेही मुश्कील. येथे किनाऱ्यापासून थोडे अंतर पोहून गेलो नाही तोच खाली प्रवाळाचा उतार सुरू झाला, आणि तो निळसर होत होत दिसेनासा होईपर्यंत मला स्वच्छ दिसत राहिला. कारण साधे आहे. बेटावर एकही नदी नाही आणि पाऊस तुटपुंजा, त्यामुळे गाळ आणून टाकणारे काही नाही. शिवाय जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहणारा वारा बेट स्वतःच्या पाठीवर झेलते, म्हणून पश्चिमेचा किनारा तळ्यासारखा शांत राहतो. येथे डायव्हिंगसाठी बोट लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेला, डाइव्ह साइटचे नाव लिहिलेला दगड दिसला, की गाडी थांबवायची, सिलिंडर पाठीवर चढवायचे आणि चालत समुद्रात शिरायचे. अशी पन्नासहून अधिक ठिकाणे आहेत.

हे सारे जपून ठेवणाऱ्यांचे ऋण डायव्हरांना हवेची सिलिंडरे आणि गाड्या देण्याच्या आमच्या धंद्यावर आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय आमची गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅप्टन डॉन स्ट्यूअर्ट हे गृहस्थ १९६२ साली शिडाच्या जहाजातून या बेटावर आले आणि येथेच राहिले. प्रवाळावर नांगर टाकू नये, बोटींनी कायमच्या बांधलेल्या तरंगत्या खुणांना दोर लावावा, हा आग्रह त्यांनी धरला. भाल्याने मासे मारण्यास १९७१ साली बंदी आली. १९७९ साली सागरी उद्यान स्थापन झाले आणि भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोवतीचा सगळा समुद्र त्याच्या कक्षेत आला. डायव्हरांकडून शुल्क घेण्यास १९९२ साली सुरुवात झाली, तेव्हा ते वर्षाला १० डॉलर होते. आमच्या दुकानात आलेला प्रत्येक जण आधी हे शुल्क भरल्याचे दाखवतो, पहिली डाइव्ह ओळखीची म्हणून उथळ पाण्यात करतो, आणि हातमोजे घालत नाही, कारण हातात मोजे असले की माणूस प्रवाळाला धरून उभा राहतो.

जहाजाच्या नोकरीत या बंदरात मी आणखी दोनदा आलो. त्यात एका स्थानिक मेकॅनिकशी मैत्री जुळली. तो इतरांचे डायव्हिंग कॉम्प्रेसर दुरुस्त करीत असे, आणि मी जहाजाचे इंजिन सुरू करायला लागणारी हवा दाबून साठवणाऱ्या कॉम्प्रेसरांशी रोज झटापट करणारा. त्यामुळे भाषा अर्धवट असूनही आम्हांला एकमेकांचे पुरते समजत असे. १० ऑक्टोबर २०१० रोजी बोनेअर नेदरलँड्सची विशेष नगरपालिका झाले आणि १ जानेवारी २०११ पासून चलन डॉलर झाले. त्याच वर्षी आम्ही भागीदारीत एक जुना कॉम्प्रेसर, चाळीस सिलिंडर आणि दोन पिकअप घेऊन दुकान थाटले. परवान्यांची आणि राहण्याच्या कागदपत्रांची कथा लांबलचक असून ती वाचण्यात कोणालाही रस वाटणार नाही. घरी आईला फोनवर सांगितले, की मी नोकरी सोडून सिलिंडरमध्ये हवा भरून विकणार आहे. तिचे उत्तर एवढेच होते : "मेल्या, हवेक कोण पैसे दितलो?"

प्रश्न रास्त होता. प्रत्यक्षात ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन अडीच किलोहून अधिक भरते. डाइव्हच्या शेवटी हे वजन कमी झालेले असते, रिकामे होत आलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर वर तरंगू पाहते, आणि ज्याने कमरेला वजनाचे शिसे कमी बांधले आहे, त्याला वर येताना सुरक्षिततेसाठी शेवटच्या पाच मीटरवर थांबणे जमत नाही. म्हणजे आईला सांगायचे तर आम्ही हवा वजनावरच विकतो.

पण ती कशी भरतो, यावर सगळे आहे. कॉम्प्रेसर हवा टप्प्याटप्प्याने दाबतो. प्रत्येक टप्प्यावर ती तापते, गार केली की तिच्यातले पाणी सुटते, आणि ते वेळेवर काढून टाकावे लागते. शेवटी ती गाळणीच्या नळकांड्यातून जाते, ज्यात ओलावा शोषणारे दाणे आणि तेलाचा वास धरणारा कोळसा असतो. ही गाळणी तासांच्या हिशेबाने बदलायची असते. यंत्रावरचा तासांचा आकडा आणि आमच्या वहीतला आकडा रोज संध्याकाळी जुळवला जातो. ही सवय जहाजावरची आहे आणि ती मोडण्याची कोणालाही मुभा नाही. घाईने भरलेले सिलिंडर हाताला चटका बसेल इतके तापते. तेव्हा काटा २०० दाखवतो, ग्राहक खूश होऊन जातो, आणि सिलिंडर गार झाल्यावर समुद्रकिनारी तोच काटा १८० दाखवतो. म्हणून आमच्याकडे रात्री सावकाश भरतात आणि सकाळी पुन्हा तपासून वरचा दाब देतात. यात वीज आणि वेळ दोन्ही जातात.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे लिहून ठेवतो. हवा खेचणारा पाइप आम्ही दुकानाच्या पूर्वेच्या भिंतीवर, वाऱ्याच्या तोंडाशी उंच लावला होता, आणि बारा महिने वारा तिकडूनच येतो या भरवशावर निर्धास्त होतो. त्या आठवड्यात उत्तरेकडून दूरवर एक वादळ गेले, वारा पडला, आणि आमचाच एक ट्रक भिंतीपाशी इंजिन चालू ठेवून सिलिंडर उतरवीत उभा राहिला. संध्याकाळी एका वयस्क ग्राहकबाईंनी सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून नाकाशी धरला आणि म्हणाल्या, की याला धुराचा वास येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. त्या दिवशी सोबत डिझेलचा वास आला, हे आमचे नशीब. पाण्याखाली दाब वाढतो तसा या विषारी वायूचा परिणामही वाढतो. त्या दिवशी भरलेली सगळी सिलिंडरे आम्ही रिकामी केली, ज्यांनी नेली होती त्यांच्या मुक्कामी जाऊन परत आणली, पाइप छपराच्याही वर नेला आणि वायूची चाचणी करणारे उपकरण घेतले. त्या बाई पुढे अनेक वर्षे येत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी न चुकता सिलिंडर हुंगून पाहत.

ट्रकांविषयी मात्र माझे ज्ञान काही कामाचे ठरले नाही. दक्षिणेच्या रस्त्यावर समुद्राचे तुषार थेट गाडीवर येतात, आणि डायव्हर ओल्या अंगानेच सीटवर बसतो. दरवाजाची बिजागरी, स्प्रिंगचे पाटे, सिलिंडर अडकवायची फळी, सगळ्याला मीठ खाऊन टाकते. धुवायचे म्हटले तर बेटावर गोडे पाणी समुद्राच्याच पाण्यापासून तयार करावे लागते आणि त्याचे बिल बघून धुणे आवरते घ्यावे लागते. एवढे करून ग्राहकाला गाडीच्या काचा उघड्या ठेवायला आणि आत काहीही न ठेवायला सांगावे लागते, कारण सगळे पाण्यात असताना किनाऱ्यावरच्या गाडीत हात घालणारे येथेही आहेत. पहिल्या दोन गाड्यांपैकी एकीचा तळ चौथ्या वर्षी गळून पडला.

आता ग्राहकांविषयी. आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांची पहिली डाइव्ह मालवणला किंवा तारकर्लीला झालेली असते. तेथे बोटीतून नेतात, प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो, आणि नवख्याला तेच योग्य आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणारे एक पुण्याचे जोडपे आले होते. दोघांकडेही प्रमाणपत्र होते. मी चार सिलिंडरे, गाडीची किल्ली आणि नकाशा पुढे केला, तेव्हा त्यांनी विचारले, "काका, आणि गाइड?" येथे गाइड मिळतो, पण किनाऱ्यावरून डायव्हिंग करायचे म्हणजे मुळात तुम्ही दोघांनी एकमेकांचे गाइड व्हायचे. पाण्यात कोठून शिरायचे, लाट किती, प्रवाह कोणत्या बाजूचा, सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध जाऊन परतताना त्याच्या सोबतीने यायचे, अर्ध्या हवेच्या आधी वळायचे, हे सारे तुमचे तुम्ही ठरवायचे. त्यांना मी त्या दिवशी स्नॉर्केलच दिले. विमानतळाजवळच्या किनाऱ्यावर तासभर पोहून ते परत आले, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाबरोबर पहिली डाइव्ह केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः किल्ली मागितली.

स्नॉर्केलिंग म्हणजे डायव्हिंग न जमणाऱ्यांचा खेळ, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. कासवे, पोपटमासे आणि उथळ पाण्यातले प्रवाळ पाहायला सिलिंडर लागतच नाही. लागतो तो नीट बसणारा मास्क. मास्क पट्टा न लावता तोंडावर दाबून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो पडला नाही तर बसला. मिशीवाल्यांचा मास्क गळतो. त्यासाठी आमच्याकडे व्हॅसलिनची डबी ठेवलेली असते, पण मिशी काढणारे दोघेच निघाले.

उत्तरेच्या 'वन थाउजंड स्टेप्स' या ठिकाणी पायऱ्या जेमतेम सत्तर आहेत. सतरा किलोचे सिलिंडर पाठीवर घेऊन वर येताना हजार वाटतात, म्हणून ते नाव. दक्षिणेला सुमारे ३० मीटर खोलीवर 'हिल्मा हूकर' हे ७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज आडवे पडले आहे. त्याच्यावर गांजा सापडल्याने ते जप्त झाले होते आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी बुडाले. इंजिनरूममध्ये आयुष्याची दहा वर्षे घालवलेल्या माणसाला बुडालेले जहाज पाहण्याचा आनंद होत नाही, हे मी ग्राहकांना सांगत नाही.

कधी सिलिंडर न देणे हेही आमचे काम असते. वारा उलटून पश्चिमेकडून येऊ लागला की शांत किनाऱ्यावर लाटा आदळतात. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी नावाच्या वादळाने हे कसे केले, ते माझा भागीदार अजूनही हाताने लाटेची उंची दाखवून सांगतो. अशा दिवशी आम्ही फळा लावून बंद ठेवतो. एकदा एका गटाने यावरून वाद घातला, पैसे परत घेतले आणि आमच्याविषयी वाईटसाईट लिहिले. ते पैसे त्या महिन्याच्या भाड्याइतके होते.

मार्च २०२० मध्ये बेट बाहेरच्यांसाठी बंद झाले आणि आमचे उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आले. त्या महिन्यांत आम्ही प्रत्येक सिलिंडर उघडून आतून पाहिले, हवा गळू न देणाऱ्या सगळ्या रबरी ओ-रिंग बदलल्या आणि मुदत जवळ आलेल्या सिलिंडरांची दर पाच वर्षांची पाण्याच्या दाबाची चाचणी उरकून घेतली. दोन ट्रक विकले. पत्नीने घरातून चकल्या आणि सामोसे विकले, आणि खरे सांगायचे तर तीन महिने घर त्यावर चालले.

त्यानंतरचा धक्का पाण्याखालचा होता. कठीण प्रवाळांना होणारा आणि त्यांची जिवंत ऊती झपाट्याने नष्ट करणारा रोग २०२३ साली बोनेअरला पोहोचला. मेंदूसारख्या दिसणाऱ्या ज्या ब्रेन कोरल प्रवाळाचे गोळे मी दहा वर्षे ओळखीच्या माणसांसारखे पाहत होतो, त्यांतले कित्येक थोड्याच आठवड्यांत पांढरे पडले आणि मग शेवाळाने भरले. तेव्हापासून उपकरणे जंतुनाशकाच्या टाकीत बुडवून मग गोड्या पाण्याने धुतली जातात. पाण्याचे बिल वाढले, दर वाढवावे लागले, आणि काही जुने ग्राहक दुसरीकडे गेले. २००९ साली येथे पहिल्यांदा दिसलेल्या लायनफिशचा उपद्रव निदान माणसाला हाताळता तरी येतो. मूळच्या हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या या माशासाठी भाल्याच्या बंदीत अपवाद केला गेला, आणि माझा भागीदार तो मारून आणतो. पत्नी त्याचे तिखले करते. काटे विषारी असले तरी मांस गोड आहे.

आज आमच्याकडे दोन कॉम्प्रेसर, एकशे दहा सिलिंडरे आणि पाच ट्रक आहेत. सकाळी दुकान उघडले की मी आधी दक्षिणेच्या मिठाच्या धक्क्याकडे चौकशी करतो, कारण जहाज लागलेले असेल तर त्या खांबांमध्ये डायव्हिंगला मनाई असते. त्या खांबांवर वाढलेले स्पंज आणि त्यांच्यामधून फिरणारे माशांचे थवे पाहायला लोक वर्षभर आधी बेत करून येतात, आणि नेमके त्याच दिवशी जहाज येते. मग फळ्यावर 'सॉल्ट पिअर आज बंद' असे लिहितो, ग्राहकांची तोंडे पडतात, आणि जहाजाला चार शब्द मीही ऐकवतो. गेल्या महिन्यात अशाच एका जहाजावरचा रत्नागिरीचा कॅडेट दुकानात आला. दोन तासांची सुट्टी होती. त्याला मास्क बसवून दिला, मिशीला व्हॅसलिन लावायला सांगितले, आणि भाडे घेतले नाही.