डिसेंबरात रेनकोट: यंदाच्या थंडीतल्या चार राईड

पहिली राईड, डिसेंबरचा दुसरा आठवडा. पुणे ते नाशिक, पहाटे पावणेपाचला बाईकवरून भोसरी सोडली. अंगात रोजचं सुती बनियन, त्यावर टीशर्ट, त्यावर घरातला जाड लोकरी स्वेटर आणि सगळ्यावर मेशचं रायडिंग जॅकेट. जॅकेटच्या आत चेनने लागणारं वाऱ्याचं अस्तर बसवलं होतं. आरशात पाहिलं तर कोबीचा गड्डा दिसत होतो, त्यामुळे थंडीची चिंता मिटली असं वाटलं.

चाकणपर्यंत खरंच मिटली होती. मंचर गेल्यावर छातीत गारवा शिरायला लागला. नारायणगावच्या अलीकडे ऊसाला पाणी चाललेलं होतं, तिथून जाताना तर कुणी फ्रीजचं दार उघडावं तसं झालं. हँडलवरचा छोटा थर्मामीटर ९ दाखवत होता. आळेफाट्याला थांबलो आणि हेल्मेटचा पट्टा सुटेना. दोन कड्यांतून पट्टा मागे ओढायचा, एवढंच काम, पण बोटांना पट्टा लागतोय की कडी, हेच कळत नव्हतं. चहा घेतला तो प्यायला नाही, धरायला. ग्लास दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं उभा होतो, तेव्हा जाणवलं की शेवटचे वीसेक किलोमीटर ही बोटं ब्रेकवर होती. दात वाजतात ते सोसता येतं. ब्रेक किती दाबलाय ते कळत नसेल तर गाडी चालवायची नाही, हा माझा यंदाचा पहिला नियम.

घरी येऊन आकडेमोड केली. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचं एक सूत्र कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरतात. ते उघड्या चेहऱ्यासाठी आहे, कपड्यांतल्या अंगाला जसंच्या तसं लावायचं नाही, पण अंदाज येतो. ९ अंशांत ताशी ८०ने गेलात तर चेहऱ्याला साधारण ३ अंश जाणवतात. मला गंमत वाटली ती पुढच्या आकड्याची. वेग ४० केला तरी साडेचारच्या आसपासच! म्हणजे ‘गार वाटतंय, जरा हळू जाऊ’ याने विशेष काही साधत नाही. वारा अडवला तरच फरक पडतो, आणि माझा वारा अडत होता चुकीच्या जागी.

मेश जॅकेट म्हणजे जाळी. वारा जाळीतून सरळ आत येतो आणि आतल्या अस्तरावर आदळतो. अस्तर स्वेटरवर दाबलं जातं, स्वेटर चेपतो. स्वेटर ऊब देतो तो त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे, ती हवाच निघून जाते. त्यात आत सुती बनियन. पार्किंगमध्ये बॅगा बांधताना पाठीला घाम आला होता, तो सुताने धरून ठेवला आणि तासभर पाठीला ओला पोतेरा लावल्यासारखं वाटत राहिलं.

खरी फजिती सिन्नरला झाली. दहा वाजले, ऊन तापलं, आता अस्तर काढायचं. म्हणजे आधी जॅकेट काढा, चेन गोल फिरवून सोडवा, मनगटाजवळची बटणं काढा. एक बाही उलटी होऊन आतच अडकली. रसवंतीवाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकं हे सगळं मनापासून बघत होती. आपल्याकडच्या थंडीचा घोळ इथेच आहे. लडाखवाल्यांचे सल्ले वाचून आपण दिवसभराच्या थंडीची तयारी करतो. आपली थंडी पहाटे पाच ते नऊ. दुपारी त्याच रस्त्यावर २८ अंश. म्हणून कपडे किती जाड यापेक्षा ते कोणत्या क्रमाने निघतात हे जास्त महत्त्वाचं.

दुसरी राईड, वाई-पाचगणी-महाबळेश्वर. बदल दोन: सुती बनियन बाद, त्याजागी अंगाला घट्ट बसणारं पॉलिएस्टरचं थर्मल, लोकरी स्वेटरऐवजी पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लव असलेल्या कृत्रिम कापडाचा स्वेटर. स्वेटरवर राग नाही, लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. पण तो जॅकेटमध्ये कोंबला की कोपराचं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, सरकून बाहेरच्या बाजूला जातं. पडलो तर काय उपयोग?

याच राईडला बाबांचा जुना उपाय करून पाहिला. ते चेतकवरून पहाटे कामाला जायचे तेव्हा शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायचे. मी फ्लीस आणि जॅकेटच्या मध्ये चार पानं घडी करून घातली. चालतं! छाती अजिबात गार पडली नाही. फक्त दर वेळी वाकलो की कुरकुर आवाज येतो आणि पाचगणीपर्यंत सगळा कागद पोटाशी गोळा झाला होता. अचानक गारठ्यात सापडलात तर टपरीवर पेपर मागा, लाजू नका.

जाता जाता एक नोंद: वाईत थर्मामीटर ११, पसरणी घाट चढून पाचगणीला १४. चूक नाही ती. रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात साचते, म्हणून पहाटे घाटावरच्यापेक्षा पायथ्याला जास्त काकडायला होतं. महाबळेश्वरातही दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या. गावातल्या बाजारपेठेत तेवढा गारठा नसतो. घाटासाठी राखून ठेवलेला जादा कपडा खाली खोऱ्यातच घाला.

तिसरी राईड पुन्हा आळेफाट्यापर्यंत, मुद्दाम त्याच वेळेला. या वेळी अस्तर घरी आणि पावसाळ्यातला रेनकोट जॅकेटच्या वरून. चहावाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘पाऊस कुठं लागला वो पाव्हणं?’’ मी म्हटलं, ‘‘मंचरला.’’ तो हसला, मीही हसलो, पण हेल्मेटचा पट्टा पहिल्या झटक्यात सुटला होता. रेनकोटने वारा बाहेरच अडवला, त्यामुळे जाळीतली हवासुद्धा जागच्या जागी राहून उबेच्या कामाला आली. आणि साडेनऊला तो काढायला अर्धं मिनिट लागलं, जॅकेटला हात न लावता.

तोटेही आहेत. रेनकोट जॅकेटवरून घालायचा तर एक माप मोठा लागतो, मोठा घेतला की बाह्या फडफडतात. त्यावर परावर्तक पट्ट्यांचं पोपटी बनियन चढवलं. फडफड थांबली आणि काळ्या रेनकोटात अंधारात न दिसण्याची भीतीही गेली.

हातांवर सगळ्यात जास्त प्रयोग केले आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच. नेहमीच्या ग्लोव्हजच्या आत पातळ लोकरी मोजे घातले, तर बोटं आधीपेक्षा लवकर बधिर. घट्ट झाले की रक्तच नीट पोचत नाही. डॉक्टरी रबरी मोजे आत घालून पाहिले. अर्धा तास झकास, नंतर घामाने बोटं भजी भिजवल्यासारखी. शेवटी एक माप मोठे, मनगटाच्या वर येणारे ग्लोव्हज घेतले आणि माझ्या हिमालयन बाईकच्या हँडलला वारा अडवणारे हँडगार्ड लावले. ग्लोव्हजची मनगटं जॅकेटच्या बाहीवरून घेतो. बाहीच्या तोंडातून वारा शिरला की थेट काखेपर्यंत जातो, हे एकदा अनुभवलं की विसरत नाही.

मानेला मफलर नको, सुटलं टोक गाडीच्या चेनमध्ये जाऊ शकतं. माकडटोपीही हेल्मेटखाली नको, अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. डोकं आणि मान झाकणारा पातळ बलाक्लाव्हा, आणि त्याची खालची कड थर्मलच्या गळ्यात खोचलेली. बास.

चौथी राईड, जानेवारी, निफाड. मुद्दाम तिथेच, कारण राज्याचा नीचांक सांगताना कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा नेहमी वर असतो. आदल्या रात्री नाशिकला मुक्काम, पाच वीसला निघालो. थर्मामीटर ६. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या होत्या. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर धूर करतात. तो धूर रस्त्यावर कमरेएवढ्या उंचीला पसरून बसलेला, हेडलाईटमध्ये पांढरी चादर अंथरल्यासारखा. व्हायजरवर, म्हणजे हेल्मेटच्या काचेवर, आतून वाफ, बाहेरून धूर. व्हायजर बोटभर उघडा ठेवून तीसच्या वेगाने काढलं ते अंतर.

अंगात थर्मल, फ्लीस, मेश जॅकेट, रेनकोट. पायांत थर्मल, रायडिंग पँट, वरून रेनकोटची पँट. छाती उबदार, गुडघे ठीक, बोटांना ब्रेक कळत होता. एका बागेच्या बांधावर थांबलो तेव्हा शेकोटीशी बसलेल्या आजोबांनी न विचारताच एक ओंडका माझ्याकडे सरकवला. बसलो खरा, पण हात शेकायला नव्हे. बूट काढले आणि पायाची बोटं आगीपुढे धरली, कारण तेवढी मात्र लाकडासारखी झाली होती. मोज्यांचे दोन जोड घातले होते, ग्लोव्हजचीच चूक पायांत केली होती. बूट अर्धा नंबर मोठे बघून ठेवलेत, थंडी संपायच्या आत मिळाले तर पाचवी नोंद त्यांची.