भाचीच्या कानात 'नागनिका'

आज भावाच्या लेकीचं बारसं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, मी आत्याच्या मानाने कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि नाव सांगितलं: नागनिका. दोन सेकंद शांतता. मग आजी, "अगं, नाग कशाला लेकीच्या नावात?"

पेढा हातात तसाच धरून नाणेघाटाची गोष्ट सांगितली. जुन्नरजवळच्या त्या लेण्यात सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा मोठा ब्राह्मी लेख आहे, प्राकृतातला. नागनिका ही सातवाहनांची राणी, पहिल्या सातकर्णीची बायको, महारठी घराण्यातली. अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायी, हत्ती, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी), सगळा हिशेब आकड्यांनिशी कोरलाय. लेखात तिचं नाव 'नायनिका' असं येतं. तिथे राजघराण्याचे पुतळेही होते. आता फक्त पावलांच्या खुणा नि वर नावं.

आमच्या सोसायटीत तीन आराध्या आहेत, नागनिका एकही नाही. (वहिनीला हेच हवं होतं, इतिहास नंतर कळला!)

आजी थोडा वेळ गप्प. मग पाळण्याला झोका देत म्हणाली, "मी आपली नानी म्हणेन."